दार नसलेल्या घरांचा शेजारी

युरोप-अमेरिकेत लांडगा परतला असे म्हणतात, तेव्हा त्या परतण्याला तारीख असते. जर्मनीत ती २००० सालची. पोलंडकडून आलेल्या लांडग्यांनी झाक्सन प्रांतातल्या एका लष्करी सराव मैदानावर पिल्ले घातली आणि दीडशे वर्षांचा खंड संपला. यलोस्टोनची तारीख जानेवारी १९९५ ची. कॅनडात पकडलेले लांडगे पिंजऱ्यांतून तिथे आणले गेले, तेव्हा वाटेवर शाळकरी मुले स्वागताला उभी होती. अवधात अशी तारीख सापडत नाही, कारण इथून तो कधी गेलाच नव्हता. घाघरा, सई आणि गोमती या नद्यांच्या घळींत, उसाच्या फडांत, पूर ओसरल्यावर उरणाऱ्या गवताळ कछारात तो पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. लखनौच्या वर्तमानपत्रांत मात्र तो अधूनमधून परततो, आणि दर वेळी एखाद्या मुलाच्या मृत्यूची बातमी घेऊनच परततो.

मराठी वाचकाला लखनौ म्हटले की भातखंडे आठवतात, त्यांच्या पुढाकाराने १९२६ साली इथे सुरू झालेले संगीत महाविद्यालय आठवते, फार तर चिकनचा कुर्ता आठवतो. लांडगा आठवण्याचे काही कारण नाही. तरीही या पुस्तकाचा मध्य लखनौ आहे, आणि ते मला योग्य वाटते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी. माणसाच्या जिवाला धोका झाला तरी त्याला पकडायचे की मारायचे हे ठरवण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा, आणि उत्तर प्रदेशात तो अधिकारी बसतो लखनौत. मूल जाते घाघरेच्या काठी आणि हुकूम निघतो गोमतीच्या काठी. या दोन काठांमधले अंतर हाच माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. लांडग्याचा स्वभाव त्यानंतर येतो.

हे अंतर पहिल्यांदा कागदावर आणले विल्यम स्लीमनने. ठगांच्या बंदोबस्तामुळे हे नाव आपल्याकडे माहीत आहे. १८४९ मध्ये तो नवाबाच्या दरबारी रेसिडेंट म्हणून लखनौला आला आणि त्याच हिवाळ्यात अवधचा मुलूख फिरायला निघाला. मुलूख वाजिद अली शाहचा, वही कंपनीची. राज्य किती नासले आहे याचा पुरावा जमवणे हा त्या दौऱ्याचा उघड हेतू होता, म्हणून त्याच्या नोंदी सावधपणेच वाचाव्या लागतात. सुलतानपूरकडे लांडग्यांनी वाढवलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मुलांच्या हकिगती त्याने टिपल्या, आणि १८५२ साली त्यांची एक छोटी पुस्तिका इंग्लंडमध्ये छापली गेली. पुढे मोगलीमुळे जगाचे सगळे लक्ष लांडग्याने वाढवलेल्या मुलाकडे गेले. लांडग्याने नेलेल्या मुलांचा विषय मागे पडला तो पडलाच.

वास्तविक स्लीमनच्या नोंदींत याहून बोचरी गोष्ट आहे. अवधातल्या लोकांच्या अंगाखांद्यावर सोन्याचांदीचे काही असेल तर ते बहुधा मुलाच्या हातापायांत असे. लांडग्याने मूल नेले की ते कडे, तो वाळा गुहेच्या तोंडाशी पडलेला सापडे. असे दागिने वेचून पोट भरणारे काही भटके लोक होते आणि म्हणूनच ते लांडगे मारत नसत, असे तो लिहितो. खरे-खोटे पारखायला आज साधन नाही. भटक्यांवर आळ घेण्याची तेव्हाच्या अंमलदारांना खोडच होती. दुसरी नोंद अधिक विश्वासार्ह वाटते. गावाच्या शिवारात लांडग्याचे रक्त सांडले तर गावाचा नाश होतो, अशी समजूत असल्याने गावकरी त्याला मारायला धजत नसत. ज्या प्राण्याने पोर नेले त्याचे रक्त सांडायची भीती वाटावी, यात केवळ अंधश्रद्धा पाहणे मला घाईचे वाटते. शेजारी वाईट असला तरी कायमचा आहे, हे मान्य केलेल्या माणसांचा तो व्यवहार होता.

कंपनी गेली, राणीचे राज्य आले आणि हा व्यवहार रोखीचा झाला. लांडगा मारा, कातडे दाखवा, बक्षीस घ्या. एकट्या १८७८ मध्ये उत्तर हिंदुस्थानात लांडग्यांनी ६२४ माणसे मारल्याची सरकारी नोंद आहे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. वाघांचा आकडा त्याच काळात ऐंशी हजारांचा. वाघाच्या शिकारीची छायाचित्रे आजही हवेल्यांच्या भिंतींवर आहेत. लांडग्यावर पाय देऊन फोटो काढून घेणारा साहेब क्वचितच दिसेल, कारण त्यात मर्दुमकी नव्हती. लांडगा उपद्रवी जनावरांच्या यादीत होता, आणि त्या यादीतून तो आपल्या मनात अजूनही बाहेर पडलेला नाही.

आज देशात सुमारे तीन हजार लांडगे उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वाघांपेक्षा कमीच. जगातल्या लांडग्यांच्या वंशावळीत आपला लांडगा अत्यंत जुन्या शाखांपैकी एक आहे, हे जनुकीय अभ्यासांनी दाखवले आहे. वीसेक किलोचे हडकुळे, मातकट रंगाचे जनावर. दोन-चारांचे कुटुंब करून राहणारे. बर्फातून रेनडिअरमागे धावणारा लांडगा डोळ्यांपुढे असेल तर वाचकाने तो आधी पुसून टाकावा.

भक्ष्यावर लांडग्याचा काय परिणाम होतो, या प्रश्नाचे जगभर ठरून गेलेले उत्तर यलोस्टोनचे असते. लांडगे आले, एल्क हरणांची संख्या घटली, नदीकाठची झाडे पुन्हा उगवली, बीव्हर आले आणि नद्यांनी वळणे बदलली. यावरची एक छोटी चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे. त्या उद्यानाच्या उत्तरेकडचा एल्कचा कळप १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एकोणीस हजारांच्या घरात होता आणि पुढच्या दोन दशकांत तो एक चतुर्थांशाच्याही खाली आला. पण अस्वले, प्यूमा, उद्यानाबाहेरची शिकार आणि दुष्काळ यांचा वाटा किती आणि लांडग्याचा किती, यावर तिथले शास्त्रज्ञ अजून भांडतात. नद्यांच्या वळणांबद्दल तर फारच. ही गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी आणली की नुकसान होते. अवधातल्या शेतकऱ्याला नीलगायीने जेरीस आणले आहे. 'लांडगे वाढले तर नीलगायी आटोक्यात येतील' असे लखनौतल्या चर्चासत्रांत ऐकू येते. दोनशे किलोच्या नराला दोन-तीन लांडगे काय करणार? वासरू सापडले तर नेतील, त्यापलीकडे नाही.

आपल्याकडे हा प्रश्न उलटा धरावा लागतो. भक्ष्य गेल्यामुळे लांडग्याचे काय झाले? भारतीय लांडग्याचे हक्काचे भक्ष्य काळवीट. गुजरातच्या वेळावदरमध्ये यादवेंद्रदेव झाला यांनी या दोघांचे नाते अभ्यासले, तिथे आजही ते पाहायला मिळते. गंगेच्या मैदानातून काळवीट जवळजवळ संपले. पडीक म्हणवणारी जमीन नांगराखाली गेली, कालवे आले, ऊस आला. लांडग्याला राहायला उसाने जागा दिली, पण खायला काही दिले नाही. उरले ससे, उंदीर, मेलेली ढोरे आणि शेळ्या. आता शेळी ही गरिबाची बँक आहे. ती रात्री घरात, खाटेच्या पायाशी बांधलेली असते. दार नसलेल्या घरात उकाड्याने हैराण झालेले पोर उंबऱ्याशी किंवा अंगणात झोपते. शेळीला दावे असते, मुलाला नसते.

हे माझे अलंकारिक विधान नाही. १९९६ च्या उन्हाळ्यात प्रतापगढ, सुलतानपूर आणि जौनपूर या जिल्ह्यांत सई नदीच्या आसपासच्या गावांतून सत्तरच्यावर मुलांवर हल्ले झाले, त्यांतली बरीच दगावली. झाला आणि त्यांचे सहकारी तेव्हा गावोगाव फिरले. जंगली भक्ष्य जवळपास नाही, जनावरे थोडी आणि कसून राखलेली, आणि मुले अत्यंत गरीब घरांतली, ज्यांच्यावर लक्ष ठेवायला मोठे माणूस नाही, असे चित्र त्यांच्या नोंदींतून उभे राहते. जगभरातल्या हल्ल्यांचा धांडोळा घेणाऱ्या नॉर्वेतल्या अभ्यासकांनीही पिसाळलेले लांडगे वगळता हीच परिस्थिती सर्वांत धोक्याची मानली. गावांत मात्र तेव्हा वेगळीच हकिगत फिरत होती. हा लांडगा नव्हेच, 'मनई' आहे, अर्धा माणूस अर्धा लांडगा. कुणी म्हणे सीमेपलीकडून आलेले घुसखोर लांडग्याची कातडी पांघरून येतात. अनोळखी माणसांना जमावांनी गाठून मारले. लांडग्याच्या नावावर माणसांनी घेतलेले असे बळी वन्यजीव अहवालांत सहसा मोजले जात नाहीत.

इथे थोडा वेळ आपल्या माळावर यायला हवे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यात लांडगा आहे, शेळ्यामेंढ्यांवर जगतो, आणि सासवड-बारामतीच्या अलीकडे-पलीकडे तर कुक्कुटपालन केंद्रांनी टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवरही जगतो. सोलापूरजवळचे नानज अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी राखले गेले. माळढोक तिथे आता जवळजवळ दिसत नाही, लांडगा मात्र टिकला. बिलाल हबीब यांनी या शतकाच्या सुरुवातीला तिथे लांडग्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून त्यांचा माग काढला. जंगली भक्ष्य इथेही थोडेच आणि गरिबीही कमी नाही. तरी गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या माळावर मुले उचलण्याची अशी मालिका घडलेली नाही. का?

याचे उत्तर मला धनगरांच्या वाड्यात दिसते. दिवस मावळताना मेंढरे वाघरीत जातात, म्हणजे खुंट्यांवर ताणलेल्या जाळ्याच्या गोलात. बाहेर कुत्री. माणसे आणि पोरे वाघरीला लागून झोपतात, कुणी ना कुणी जागा असतो, आणि कुत्र्याचे भुंकणे बदलले की हातात काठी आलेली असते. लांडगा येतोच. कधी मेंढरू नेतो, कधी घाबरलेली चार-सहा मेंढरे एकमेकांखाली चेंगरून मरतात आणि नुकसान त्यानेच जास्त होते. तरीही लांडग्याचा वाटा म्हणून एखादे मेंढरू सोडून देणारे म्हातारे धनगर अभ्यासकांना भेटले आहेत. याचे गोडवे गायचे कारण नाही. तेच धनगर लांडग्याची बिळे बुजवतात, आत धूर करतात, पिल्ले मारतात. पंचनाम्यासाठी थांबायचे तर पुढचा मुक्काम चुकतो आणि भरपाईचा कागद हलेपर्यंत वाडा तिसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. पण इथे लांडग्याशी रोजचा, डोळ्यांसमोरचा संबंध आहे. राखणदारी हा पेशा आहे, आणि त्या राखणीच्या वर्तुळात मूल आपोआप येते. अवधातल्या भूमिहीन मजुराकडे वाघर नाही, कुत्री नाहीत, आणि बाप अनेकदा लुधियाना नाही तर मुंबईत असतो.

आपला माळही आता निश्चिंत नाही. सरकारी दप्तरात तो पडीक जमीन. त्यावर झाडे लावली की वनीकरण, कारखाना आला की विकास, सौर पट्ट्या बसल्या की हरित ऊर्जा. कशानेही लांडग्याचे बीळ जायचे ते जातेच. भटक्या कुत्र्यांचे तर विचारूच नका. पुण्याजवळच्या गवताळ रानात कुत्रा आणि लांडगा यांच्या संकराचे प्राणी असल्याचे २०२३ मध्ये जनुकीय पुराव्याने सिद्ध झाले. दिल्लीत २०२५ मध्ये यमुनेकाठी पल्ला गावाजवळ लांडगा दिसल्याची बातमी आली, तेव्हा अनेक दशकांनी तो राजधानीत परतला म्हणून आनंद झाला आणि लगेचच तो संकर तर नव्हे अशी शंका निघाली. परतणारा प्राणी तोच आहे का, हेही आता विचारावे लागते.

बहराइचचे प्रकरण बहुतेक वाचकांच्या लक्षात असेल. २०२४ च्या पावसाळ्यात घाघरेच्या काठच्या महसी तहसिलीत आठ-दहा जणांचा जीव गेला, त्यांत बहुतेक लहान मुले; जखमी कितीतरी अधिक. 'ऑपरेशन भेडिया' सुरू झाले. उष्णता टिपणारे ड्रोन आले, जाळी आली, नेमबाज आले. लहान मुलांच्या लघवीत भिजवलेल्या रंगीत बाहुल्या नदीकाठी ठेवल्या गेल्या आणि देशभरच्या वाहिन्यांनी त्याच दाखवल्या. सहा लांडग्यांचा कळप आहे असे जाहीर झाले. पाचवा १० सप्टेंबरला पकडला गेला, सहावा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गावकऱ्यांनी मारला. मधल्या काळात पुरात पिल्ले बुडाली म्हणून लांडगे सूड घेत आहेत, अशी एक उपपत्ती निघाली आणि ती जबाबदार तोंडांतून ऐकू आली. सुडाला पत्ता लागतो. लांडगा तो शोधत फिरत नाही. त्यापेक्षा पुरात कछार बुडाला, बिळे गेली आणि लांडगे बांधाच्या अलीकडे वस्तीत ढकलले गेले, हे पुरेसे नाही का? काही जखमा कुत्र्या-कोल्ह्यांच्याही होत्या, असे वनखात्याचेच लोक सांगत होते. पण भीती पसरली की प्रत्येक चाव्याचे नाव लांडगा होते.

या सगळ्या गदारोळात एक काम शांतपणे झाले. दार नसलेल्या घरांना प्रशासनाने दारे बसवायला घेतली. काही ठिकाणी सौर दिवे लागले, लोकांना रात्री पंचायतीच्या पक्क्या इमारतींत झोपवले गेले. माझ्या मते सबंध मोहिमेत एवढाच भाग लांडग्याला नीट समजून केलेला होता. मृत्यूनंतर मिळणाऱ्या ५ लाखांच्या भरपाईत साध्या लाकडी दारांची एक अख्खी वस्ती उभी राहते. २०२५ च्या सप्टेंबरपासून त्याच जिल्ह्यात, कैसरगंज आणि महसीच्या भागांत, पुन्हा मुले गेली. या वेळी हुकूम अधिक कडक होता आणि लांडगे गोळ्या घालून मारले गेले.

लखनौच्या वेशीवरचाच आणखी एक दाखला देतो. मलिहाबादच्या आंब्याच्या पट्ट्यात, रहमानखेड्याला, २०१२ मध्ये वाघ आला. तीनेक महिने माग काढून त्याला बेशुद्ध करून पकडले आणि दुधव्याच्या जंगलात सोडले. २०२५ च्या मार्चमध्ये तिथेच पुन्हा एक वाघ पकडला गेला, त्याचीही रवानगी दुधव्याकडे झाली. बहराइचचे लांडगे मात्र पकडले गेल्यावर लखनौ-गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयांत गेले. वाघाला परत पाठवायला जंगल आहे. लांडग्याचे घर शेताचा बांध, नदीची घळ आणि गायरान, आणि ते कुणाच्याही नकाशावर त्याचे म्हणून दाखवलेले नाही. झारखंडात पलामूजवळचे महुआडांड १९७६ मध्ये लांडग्यासाठी राखले गेले. तसे दुसरे नाव घ्यायला पुढे अनेक दशके जावी लागली.

युरोपात हा वाद आता श्रीमंत झाला आहे. तिथे वीस हजारांवर लांडगे आहेत. युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांचे तट्टू २०२२ मध्ये लांडग्याने मारले, त्यावर अग्रलेख झडले, आणि मार्च २०२५ मध्ये लांडग्याचे संरक्षण एका पायरीने खाली आले. विद्युत कुंपण, राखणीची कुत्री आणि भरपाई यांवर तिथे सरकारी पैसा खर्च होतो, म्हणून मेंढपाळ मोर्चा काढू शकतो आणि निसर्गप्रेमीही काढू शकतो. महसीतल्या ज्या आयांची मुले गेली त्यांच्या बाजूने मोर्चा निघालेला मला माहीत नाही. लांडग्याच्या बाजूने निघण्याचा तर प्रश्नच नाही.

वाचकाने हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. आकड्यांची आवड असेल त्याने भक्ष्यावरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, मात्र यलोस्टोनचे तक्ते आणि वेळावदरचे तक्ते शेजारी ठेवून वाचावेत. स्लीमनवरचे प्रकरण रंजक आहे, आणि म्हणूनच ते शेवटी वाचलेले बरे. आधी वाचले तर मोगली डोक्यातून निघत नाही. नानजचे आणि बहराइचचे प्रकरण मात्र एका बैठकीत वाचावे. दोन्हींत लांडगा एकच आहे. बहराइचच्या प्रकरणाला जोडलेला घरांचा आराखडा पाहताना दाराची जागा कुठे आहे आणि खाट कुठे आहे, तेवढे जरूर पाहावे.